प्रॉक्सी सर्व्हर व अनामिकता

प्रॉक्सी सर्व्हर : वापरकर्ता आणि संकेतस्थळ यांच्यामधला मध्यस्थ संगणक. वापरकर्त्याची मागणी तो स्वतःच्या नावावर पुढे पाठवतो. त्यामुळे संकेतस्थळाला मूळ आयपी पत्त्याऐवजी मध्यस्थाचा पत्ता दिसतो. ही अनामिकता अपुरी असते. काही प्रॉक्सी मूळ पत्ता मागणीच्या शीर्षभागातच कळवून टाकतात. कुकी, लॉग-इन, पडद्याचा आकार, फॉन्ट इत्यादींवरूनही माणूस ओळखता येतो. मुख्य मर्यादा विश्वासाची : संकेतस्थळापासून लपवलेला पत्ता मध्यस्थाला ठाऊक असतो आणि त्याच्या नोंदींत तो उरू शकतो.

फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ‘पेनेट’ ही निनावी ई-मेल सेवा या मर्यादेचे बोलके उदाहरण होय. टोपणनाव व खरा पत्ता यांची जोडी सेवेकडेच साठवलेली असे. १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या तक्रारीवरून पोलिसांनी एका वापरकर्त्याचा पत्ता मिळवला. १९९६ मध्ये सेवा बंद झाली.

एकाच मध्यस्थावरचा हा भरवसा टाळण्यासाठी ‘टॉर’ या अनामिकता देणाऱ्या जाळ्यात मागणी साधारणतः तीन मध्यस्थांतून जाते. उगम व मुक्काम दोन्ही कोणा एकाला कळत नाहीत. मात्र दोन्ही टोकांवर नजर ठेवणारा वेळेच्या मेळावरून ते जुळवू शकतो.