नाईल नदी आणि न्यू जर्सीतील केबल

१/ शहराला टेलिफोनच्या किती वाहिन्या पुरतील? कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ आग्नर एर्लांग याने १९०९ पासून या प्रश्नाला गणिताची चौकट दिली. कॉल परस्परांशी संबंध न ठेवता येतात, हे त्याचे गृहीतक. ग्राहक वाढले की एकूण चढउतार त्या प्रमाणात सौम्य होतात. १९१७ मधील त्याची सूत्रे पुढे जगभरच्या एक्स्चेंजांच्या आखणीत वापरली गेली.

२/ संगणकांची जाळी आली, तेव्हा अभियंत्यांनी हेच गणित उचलले. ते हाताशी होते आणि सोपे होते. खरेखोटे करण्याइतकी बारीक मोजमापे मात्र क्वचितच होती.

३/ ती केली अमेरिकेतील बेलकोर या संशोधनसंस्थेने. न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे १९८९ ते १९९२ या काळात संस्थेच्या इथरनेटवरील कोट्यवधी पॅकेटांची नोंद झाली: कोणते पॅकेट केव्हा आले, केवढे होते. लेलँड, ताक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा आलेख खडबडीत दिसला, यात नवल नव्हते. पण शंभर-शंभर सेकंदांची बेरीज करून काढलेला आलेखही तसाच खडबडीत निघाला! जुन्या गणितानुसार तो जवळजवळ सपाट व्हायला हवा होता.

४/ हे वर्तन मोजण्याचे माप नाईल नदीकाठी सापडले होते. ब्रिटिश जलशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हर्स्ट धरणाची साठवणक्षमता ठरवू पाहत होता. कोरडी वर्षे सुटीसुटी येत नाहीत, एकामागून एक येतात, हे त्याच्या नोंदींतून दिसले. १९५१ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. दुष्काळ पाहिलेल्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर हर्स्टचा घातांक ०.५ येतो. मॉरिसटाउनच्या केबलवर तो ०.८ ते ०.९ च्या आसपास होता.

५/ आखणीसाठी याचा अर्थ गंभीर होता. गर्दीही दुष्काळासारखी रेंगाळते. राउटरमधील बफर थोडा वाढवला की पॅकेटे गळणे झपाट्याने घटेल, हा हिशेब कोलमडला. वाहिनीतच मोकळी क्षमता राखणे अधिक उपयोगी ठरले.

६/ एर्लांग मात्र पूर्णपणे मोडीत निघाला नाही. पुढे व्हर्न पॅक्सन आणि सॅली फ्लॉइड यांनी दूरपल्ल्याच्या जाळ्यांवरील नोंदी तपासल्या. पॅकेटांना त्याचे गृहीतक लागू पडेना. पण माणसे टेलनेटवर लॉगिन करीत, त्या वेळांना ते तासातासाच्या हिशेबात चांगले जुळले.