चुलीची जागा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया; तो मी काय लिहिणार? पण भगिनींनो, चुलीलाही इतिहास आहे आणि तो आपण बायकांनीच भोगला आहे.

१९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चाले. तेथे ‘मगनचूल’ तयार झाली. चूल मातीचीच, पण वरून झाकलेली. एकाच जाळावर दोन-तीन भांडी शिजत आणि धूर धुराड्यावाटे बाहेर जाई. पुढे हैदराबादचे एस. पी. राजू यांनीही धुराड्याची चूल केली व १९५३ साली तिच्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो संपेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. त्यांतल्या पुष्कळ मात्र लवकरच मोडल्या, धुराडी काजळीने तुंबली.

असे का व्हावे? माझ्या माहेरचेच सांगते. मी लहान असताना एका कारागिराने आमच्याकडे धुराड्याची चूल बसवली. आई तेव्हा शेतावर होती. त्याने मोकळी दिसली त्या जागी चूल घातली आणि पाइप गवताच्या छपरातून जेमतेम वीतभर वर काढला. चैत्रात एका दुपारी तुराट्यांचा जाळ मोठा झाला, ठिणगी उडाली आणि गवताने पेट घेतला. शेजारी घागरी घेऊन धावले म्हणून घर वाचले. एक कोपरा मात्र जळाला.

आईने चुलीला दोष दिला नाही. तिने ती मोडून दुसरीकडे मांडली. बाहेरच्या भिंतीला लागून, माळ्याखाली नाही. दारातला वारा सरळ तोंडावर येणार नाही अशी. पाइप भिंतीतून बाहेर काढून आढ्याच्याही वर नेला. गवताजवळून जातो तेथे पत्रा लावला. सरपण चार हात लांब रचले आणि दर महिन्याला काजळी काढली. ती चूल पुढे कित्येक वर्षे चालली. कारागिराने आधी आईला विचारले असते, तर दुपारचा वारा कोणीकडून येतो हे तिने तेव्हाच सांगितले असते.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर गॅस पोहोचला. तरी भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला अनेक घरी अजून चूल पेटतेच. म्हणून माझे एवढेच सांगणे आहे: चूल कोणीही बांधो, तिची जागा मात्र तिच्यापुढे बसणारीने ठरवावी.