साहेबांच्या गाडीचं इंजिन

1990 च्या दशकात पातूरच्या तहसील कचेरीसमोर साहेबांची पांढरी अँबेसेडर उभी असली, की तिचा ड्रायव्हर बॉनेटवर हात ठेवून सांगायचा, “इंजिन जपानी हाये, भाऊ.” आणि ते खरं होतं. जपानच्या इसुझू कंपनीचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन हिंदुस्थान मोटर्सनं आधी काँटेसात बसवलं, मग अँबेसेडरमध्ये.

हेच इंजिन 2003 च्या सुमारास एका स्पोर्ट्‌स कारमध्येही गेलं. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत गुइडो आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सनं हातानं बांधलेली ही रोडस्टर. दोनच माणसांची, लांब नाकाची, पुढची चाकं अंगाबाहेर उघडी. नाव मला फार आवडलं. चिंकारा म्हणजे माळावरचं ते अंगानं हलकं, पळायला चपळ हरीण.

हलकेपणातच सगळी मेख आहे. या गाडीचा घाट मूळचा इंग्लंडचा. कॉलिन चॅपमन यांनी 1957 मध्ये लोटस सेव्हन काढली. इंजिनाची ताकद वाढवत बसण्यापेक्षा गाडीचं वजन उतरवा, हा त्यांचा हिशेब. सुटे भाग नेऊन घरी जोडले, तर गिऱ्हाइकाचा करही वाचे. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि जगभरच्या छोट्या कारखान्यांनी तिच्या धर्तीवर गाड्या बांधल्या. मोठ्या कंपनीसारखे पत्रा दाबणारे अजस्र प्रेस छोट्याला परवडत नाहीत. तो खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच निघतो. फायबरग्लासला एक साचा पुरतो. त्यात काचतंतूंचं कापड अंथरायचं, ब्रशानं रेझिन चोपडायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, पुन्हा थर, पुन्हा रेझिन. कडक झालं की काढून घासत बसायचं.

इंजिन जपानी, घाट इंग्रजी, मग यात आपलं काय? असं कुणी विचारलं की मी जरा चिडतो. गझलेची वृत्तं अरबी-फारसीतून आली. अमरावतीत 1932 साली जन्मलेल्या सुरेश भटांनी ती मराठीत अशी मुरवली, की त्यांची गझल परकी म्हणायची कुणाची छाती होत नाही. “तुमची भाषा तर उर्दू ना?” हा प्रश्न मला आयुष्यभर आला. त्यामुळेही असेल, पण मूळ कुठलं हे विचारण्याआधी मी बसवलं कसं ते बघतो.

आणि बसवणं सोपं नसतं. अँबेसेडर टनापेक्षा जड. तिला ओढणारं इंजिन इतक्या हलक्या गाडीत घालायचं, तर स्प्रिंगा, ब्रेक, तोल सगळं नव्यानं जमवावं लागतं.

असे प्रयत्न आणखीही झाले. 1998 ची सॅन स्टॉर्म आणि दिलीप छाब्रियांनी 2012 मध्ये दिल्लीत दाखवलेली अवंती, दोन्हींत रेनॉचं इंजिन होतं. 2014 मध्ये उत्तरपाड्याला अँबेसेडरचं उत्पादनच थांबलं. चिंकाऱ्याचं मात्र एक बरं होतं. ती घेऊन कुणी वाशीमच्या वाटेवर पातुरात अडकला असता, तर आमच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून म्हटलं असतं, “हे तं साहेबाच्या गाडीचंच इंजिन हाये!”