रक्ताची साक्ष आणि कबुलीजबाब

डी. एन. ए. हा शब्द आता वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेला आहे. एखाद्या जुन्या खुनाचा तपास लागला, की विज्ञानाने गुन्हेगार पकडला असे आपण म्हणतो आणि पान उलटतो. आज आम्ही ज्या खटल्याचा इतिहास सांगणार आहोत, त्यात विज्ञानाने पंधरा वर्षांनी खरा खुनी शोधून काढला. पण त्याच खुनासाठी आधी जे तुरुंगात गेले होते ते तेथे कसे पोहोचले, हेही त्याने उघडे केले. ही दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

वेल्समधील कार्डिफ हे कोळशाचे बंदर. खाणींतला कोळसा येथून बोटींनी जगभर जाई आणि त्या बोटींवर राबणारे खलाशी येमेन, सोमालीलँड, वेस्ट इंडीज, हिंदुस्थान अशा दूरदूरच्या मुलखांतून येत. त्यांतले पुष्कळ जण गोदीलगतच्या ब्यूटटाउन वस्तीत राहिले, तेथेच त्यांचे संसार झाले. १९१९ च्या जूनमध्ये शहरात वांशिक दंगल उसळली व गोऱ्यांच्या जमावांनी या लोकांवर हल्ले केले. पुढे कोळशाचा व्यापार बसला, गोदी ओस पडली, बेकारी मागे राहिली. शहरात काही वाईट घडले की प्रथम या वस्तीकडे बोट दाखवायचे, ही खोडही मागे राहिली.

१४ फेब्रुवारी १९८८ रोजी पहाटेच्या सुमारास या वस्तीतील जेम्स स्ट्रीटवरच्या एका खोलीत वीस वर्षांच्या मुलीचा खून झाला. अंगावर पन्नासांहून अधिक वार होते. मुलगी गरीब, पोटासाठी शरीर विकणारी. घराजवळ रक्ताने माखलेला एक गोरा इसम पाहिल्याचे साक्षीदारांनी सांगितले आणि पोलिसांनी त्याचे चित्रही प्रसिद्ध केले. मुलीच्या कपड्यांवर एका परक्या पुरुषाचे रक्त सापडले. ते ए. बी. या विरळ गटाचे होते. इतका पुरावा हाताशी असता डिसेंबर १९८८ मध्ये आरोप ठेवले गेले ते पाच जणांवर. ते पाचही जण काळे किंवा मिश्र वंशाचे होते, आणि कपड्यांवरचे ते रक्त त्यांच्यापैकी एकाचेही नव्हते.

मग खटला उभा राहिला तो कशावर? एका कबुलीजबाबावर आणि काही साक्षींवर. मुलीच्या प्रियकराची पाच दिवसांत मिळून सुमारे तेरा तास उलटतपासणी झाली. तीनशेहून अधिक वेळा तो ‘मी नव्हतो’ म्हणाला. तेच प्रश्न तारस्वरात पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि अखेर त्याच्या तोंडून हवे ते वाक्य निघाले. दुसरा एक आरोपी त्या रात्री काही मैलांवरच्या बॅरी गोदीत एका बोटीवर कामाला होता. त्याच्याबरोबरच्या कामगारांनी तसे सांगितले. ज्यूरीला ते पटले नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. उरलेले दोघे निर्दोष सुटले, पण सुटेपर्यंत त्यांचीही सुमारे दोन वर्षे कोठडीत गेली होती.

कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला या प्रकाराचे फारसे नवल वाटत नाही. कारखान्यात काही गहाळ झाले, की पुष्कळदा हजेरीपटापेक्षा आधी कामगारापुढे कबुलीचा कागद येतो. थकलेला, एकटा पडलेला माणूस सही करतो, कारण सही केली म्हणजे घरी जाता येईल असे त्याला त्या घटकेला वाटत असते.

डिसेंबर १९९२ मध्ये अपील न्यायालयात त्या चौकशीची ध्वनिफीत ऐकवण्यात आली. ती ऐकून न्यायाधीशांनी पोलिसांच्या वागणुकीवर कडक ताशेरे ओढले आणि तिघांची शिक्षा रद्द केली. तिघे घरी आले. तरी लोकांची कुजबुज थांबली नाही. हे तांत्रिक मुद्द्यावर सुटले, असे म्हणणारे होतेच. खरा खुनी सापडेपर्यंत निर्दोष माणूसही समाजाच्या लेखी अर्धाच सुटलेला असतो.

आता विज्ञानाकडे वळू. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डी. एन. ए. नावाची लांब साखळी असते. तिचा अर्धा भाग आईकडून व अर्धा बापाकडून येतो. साखळीच्या काही ठराविक जागी लहान लहान तुकडे पुन्हा पुन्हा येतात. ते किती वेळा येतात याचे आकडे माणसागणिक वेगळे असतात. अशा अनेक जागांचे आकडे एकत्र मांडले, की एकसारखी जुळी भावंडे सोडली तर दोन माणसांचे जुळणे जवळजवळ अशक्य. ओळख पटवण्याची ही विद्या १९८४ साली लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना सापडली. खुनाच्या तपासातील तिचे पहिले फळ ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९८६ साली लेस्टरजवळच्या एका खुनाची कबुली देऊन बसलेला सतरा वर्षांचा मुलगा निर्दोष असल्याचे तिने दाखवले. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला.

आरंभी या तपासणीला रक्त पुष्कळ लागे. पुढे कणभर अंशाच्या असंख्य प्रती काढण्याची रीत रुळली आणि कोठारातील जुना मुद्देमाल बोलू लागला. २००० साली कार्डिफचा तपास पुन्हा उघडला. अँजेला गॅलप या तज्ज्ञ बाईंच्या पथकाने सिगारेटच्या पाकिटावरचा जपून ठेवलेला पारदर्शक कागद तपासला, तेव्हा त्यावर रक्ताचा अंश मिळाला. मग पथक त्या जुन्या खोलीत गेले. भिंतीच्या तळाशी लाकडी पट्टी होती. तिच्यावर नंतर रंगाचे हात चढले होते. ते थर खरवडल्यावर खाली तेच रक्त सापडले.

त्या रक्ताचा धनी इंग्लंडच्या १९९५ पासूनच्या डी. एन. ए. नोंदवहीत नव्हता. पण त्याच्या आकड्यांत एक आकडा फार विरळ होता. तो कोणाकोणात आढळतो हे पाहत पाहत तपास एका अल्पवयीन मुलापर्यंत आला. खुनाच्या वेळी तो मुलगा जन्मलाही नव्हता, म्हणून त्याच्या नातलगांकडे पाहिले गेले. त्याच्या चुलत्याचे आकडे तंतोतंत जुळले. हा चुलता पहारेकऱ्याची नोकरी करी आणि एकलकोंडा राही. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याला अटक झाली. त्याने ४ जुलै २००३ रोजी न्यायालयात गुन्हा कबूल केला व त्याला जन्मठेप झाली. या वेळचा कबुलीजबाब रक्ताच्या पुराव्यामागून आला होता.

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. खोटी साक्ष दिल्याबद्दल २००८ साली जुन्या खटल्यातील तीन साक्षीदारांना दीड-दीड वर्षाची कैद झाली. ही गरीब, दबलेली माणसे होती. पोलिसांनी त्यांना धाकदपटशा दाखवला होता, हे खुद्द न्यायाधीशांनी मान्य केले. दबाव आणल्याचा आरोप असलेल्या आठ माजी पोलीस अधिकाऱ्यांचा खटला २०११ साली चालला, पण काही कागदपत्रे नष्ट झाल्याचे सांगितले गेल्याने तो मधेच कोसळला आणि सर्व जण निर्दोष ठरले. पुढच्याच महिन्यात ते कागद पोलिसांच्याच ताब्यात सापडले! यात कट नव्हता, गलथानपणा होता, असा निर्वाळा २०१७ च्या चौकशी अहवालाने दिला. तो मान्य केला तरी हिशेब असा उरतो, की धाक सोसणारे तुरुंगात गेले आणि धाक घातल्याचा आरोप ज्यांच्यावर होता त्यांचा न्याय शेवटपर्यंत झालाच नाही. डी. एन. ए. खुन्याचे नाव सांगते. बंद खोलीत टेबलावर कोणी मुठी आपटल्या, हे सांगत नाही.

याच कार्डिफमध्ये सप्टेंबर १९५२ मध्ये महमूद मत्तान या सोमाली खलाशाला एका दुकानदारणीच्या खुनासाठी फाशी दिली गेली. १९९८ साली अपील न्यायालयाने ती शिक्षा चुकीची ठरवली. तोवर पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. १९९० सालचे तिघे जिवंत सुटले, कारण तोवर ब्रिटनमध्ये खुनाची फाशी बंद झाली होती. रंगाखालचे रक्त वाट पाहू शकते. फासावर गेलेल्या माणसाला ती सोय नाही.

आपल्याकडे पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. त्या नियमाची थट्टा करणारे लोक आम्हांस वारंवार भेटतात. चोराला सोडणारा कायदा, असे ते म्हणतात. त्यांनी कार्डिफची ती लाकडी पट्टी आठवावी. मुद्देमाल नीट जपा, नोंद नीट ठेवा, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडून काढलेल्या शब्दापेक्षा त्या नोंदीवर विश्वास ठेवा, एवढेच ती सांगते. आणि हे काम प्रयोगशाळेइतकेच ठाण्यातल्या कारकुनाचे, न्यायालयात बसणाऱ्यांचे आणि शेवटी आपणा नागरिकांचे आहे.