एमजीबीचा एअर पंप: इंजिनाला नको, शहराला हवा

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया आणि तह यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय एका पंपाचा आहे. साधारण नारळाएवढा, पट्ट्यावर फिरणारा, जुन्या उघड्या टपाच्या गाडीच्या इंजिनावर पुढच्या बाजूला बसवलेला. अशी गाडी हाती आली की तिचा नवा मालक बॉनेट उघडतो, नळ्यांचं जंजाळ बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "हे सगळं काढून टाकलं तर चालेल ना?" उत्तर देतो, पण आधी ते जंजाळ तिथे आलं कुठून ते बघू.

उदाहरण म्हणून एमजीबी घेऊ. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही दोन माणसांची गाडी बनत होती. भावंडं धरून पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेला गेला. इंजिन १७९८ सीसीचं, ओतीव लोखंडाचं, बैलासारखं दणकट. दोन एसयू कार्ब्युरेटर, ९५ अश्वशक्ती. १९६२ च्या गाडीचं बॉनेट उघडलं की एकेक भाग बोट लावून दाखवता येतो. १९७६ ची अमेरिकेत विकलेली गाडी उघडा, तर कार्ब्युरेटर कुठे आहे हेच शोधावं लागतं. इंजिन मात्र मुळात तेच.

मधल्या काळात काय घडलं ते इंग्लंडमध्ये घडलं नाही, लॉस एंजेलिसमध्ये घडलं. जुलै १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्या शहरावर एक दिवस असा धुरकट पडदा उतरला की डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. पुढे हे नेहमीचंच होऊन बसलं. कारण शोधलं एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅलटेकमध्ये त्यांचं काम चालू होतं अननसाच्या स्वादावर! त्यातून उठून ते शहराच्या हवेकडे वळले. मोटारींच्या धुरातलं अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं. तेल आणि मोटार उद्योगाला हे पचायला वेळ लागला. त्यांना लागला नसता तरच नवल.

१९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांमध्ये क्रँककेसमधली वाफ बाहेर न सोडता परत इंजिनात घ्यायला सुरुवात झाली. १९६५ मध्ये मोटारींच्या धुराबद्दल देशव्यापी कायदा झाला आणि त्याचे निकष १९६८ च्या मॉडेलपासून लागू झाले. ३१ डिसेंबर १९७० ला निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या सुधारित कायद्यावर सही केली. काही वर्षांत प्रदूषण नव्वद टक्क्यांनी कमी करा, असा त्याचा थेट हुकूम होता. हुकूम आधी, तंत्र नंतर. फौजेत आम्हाला ही पद्धत चांगली ओळखीची.

एमजीबीवर १९६८ पासून हवेचा पंप आला. हा पंप ताजी हवा सिलिंडर हेडमधून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे सोडतो. तिथून निघणारा वायू इतका तापलेला असतो की हवा मिळताच उरलेलं पेट्रोल तिथल्या तिथे जळतं. "हा पंप धुरात नुसतं पाणी घालतो" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. धूर थोडा पातळ होतो हे खरं, पण पंपाचं मुख्य काम जाळण्याचं आहे. त्याच्या जोडीला गल्प व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटरवरून पाय अचानक काढला की मिश्रण दाट होतं आणि सायलेन्सरमध्ये फटाका वाजू शकतो. तो टाळायला हा व्हॉल्व्ह इनटेकमध्ये हवेचा एक घोट सोडतो. नंतर आला कोळशाचा डबा. टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ तो शोषून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ती इंजिनालाच पाजतो.

होंडाने याच पेचावर वेगळा मार्ग काढला. दहनकक्षच नव्याने आखला, आणि १९७५ ची सीव्हीसीसी सिव्हिक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय परीक्षा पास झाली. ब्रिटिश लेलँडकडे तसा पैसा नव्हता आणि माझ्या मते तशी इच्छाशक्तीही नव्हती. त्यांनी जुन्या इंजिनालाच दागिने चढवले. १९७५ च्या सुमारास अमेरिकन एमजीबीचे दोन एसयू जाऊन एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर आला आणि ताकद साठीच्या घरात उतरली. मोजण्याची पद्धतही मधल्या काळात बदलली होती हे खरं, पण घसरण मोठी होती.

आणि इथेच लोकांची गल्लत होते. त्यांना वाटतं, ही ताकद पंपाने खाल्ली. पंप फिरवायला लागते ती ताकद किरकोळ. खरी ताकद गेली ती कॉम्प्रेशन ८.८ वरून ८ वर आणलं त्यात, एकुलत्या कार्ब्युरेटरमध्ये आणि त्याच्या जोड मॅनिफोल्डमध्ये. नुसता पंप काढून गाडी पळायला लागली असं कुणी सांगत असेल, तर बॉनेट हलकं झाल्याचा आनंद बोलतोय असं समजा.

आता मूळ प्रश्न. केवळ यंत्र म्हणून पाहिलं तर पंप आणि गल्प व्हॉल्व्ह निघू शकतात. हेडमधली चार भोकं नीट बुचं लावून बंद करायची, इनटेकवरचं गल्प व्हॉल्व्हचं तोंडही. ते उघडं राहिलं तर फुकटची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आयडलिंगला हुंदके देतं. कोळशाच्या डब्याला मात्र हात लावू नका. त्या एमजीबीत क्रँककेसला लागणारी ताजी हवा या डब्यातूनच, रॉकर कव्हरवरच्या बारीक नळीतून आत येते. ऑइल फिलरचं झाकण बंद प्रकारचं आहे. डबा काढून नळीचं तोंड बंद केलंत, तर इंजिनाचा श्वासच कोंडतो. आत पाणी आणि आम्ल साठतं, तेलाचा चिखल होतो. आणि शिवाय गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास! डब्याने ताकद एका घोड्याचीही कमी होत नाही.

वाळवंटात असताना असाच एक प्रकार मी वारंवार पाहिला. इंजिन तापतं म्हणून ड्रायव्हर मंडळी थर्मोस्टॅट काढून फेकत. मेच्या दुपारी ते शहाणपण वाटे. जानेवारीच्या पहाटे तेच इंजिन तासभर गरम होत नसे, पेट्रोल तेलात उतरे आणि सिलिंडर झिजत. वर्कशॉपचे सुभेदार साहेब काढलेला भाग हातात घेऊन एवढंच विचारत, "हा इथे का होता, ते सांग. मग काढ."

दुसरी बाजू कायद्याची. अमेरिकेत ही उपकरणं निकामी करायला फेडरल कायद्याची मनाई आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धूरतपासणी माफ आहे, १९७६ पासूनच्या गाड्यांना नाही, आणि तपासनीस भाग जागेवर आहेत का हेही बघतो. म्हणजे एका वर्षाच्या फरकाने तोच पंप एकाच्या गाडीत अडगळ आणि दुसऱ्याच्या गाडीत सक्तीचा. आपल्याकडे पेट्रोल गाड्यांना धुराच्या वजनी मर्यादा लागल्या १९९१ मध्ये, चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला १९९५ मध्ये आणि शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं २००० मध्ये. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. तेव्हा पाना उचलण्याआधी आपल्या गाडीच्या कागदांवर वर्ष कोणतं आहे ते बघा.

पंप काढायचाच ठरला, तर भंगारात देऊ नका. नळ्यांचे फोटो काढा, प्रत्येक तोंडाला चिठ्ठी बांधा, बेअरिंगला तेल द्या आणि कंस, पट्टा, चेक व्हॉल्व्ह, सगळं एका खोक्यात घालून गाडीच्या डिकीत ठेवा. गाडी विकाल तेव्हा खोकंही द्या. पुढच्या मालकाच्या हातात निदान पूर्ण गाडी पडेल.