बिननावाचा दगड

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. त्यामुळे इथला माणूस रविवारी एकतर रानात फिरायला जातो, नाहीतर जुन्या बाजारात. गेल्या वर्षी अशाच एका बाजारात एका आजीबाईंच्या पसाऱ्यात मला एक लाकडी पेटी दिसली. आत घडीचा वस्तरा, कडक झालेली चामोटी आणि वीतभर लांब, दोन बोटं रुंद असा हिरवट-करडा दगड. "वडील न्हावी होते," एवढंच त्या म्हणाल्या. आठ युरोत सौदा झाला.

वस्तऱ्याची ओळख पटवायला काहीच कष्ट पडले नाहीत. पात्यावर 'झोलिंगेन' असं ठळक उमटवलेलं होतं. या नावाची जर्मनांना इतकी काळजी, की ते कुणीही वापरू नये म्हणून १९३८ साली खास कायदा झाला. दगडावर मात्र नाव नाही, ठसा नाही, काही नाही. आता इंजिनियर माणसाला असं कोडं पडलं की झोप येते थोडीच!

पहिली परीक्षा आर्किमिडीजची. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता, पाण्यात सोडला. काट्याने ११३ ग्रॅम दाखवले, म्हणजे दगडाचं आकारमान ११३ घन सेंटिमीटर. कोरडं वजन ३१२ ग्रॅम. भागाकार केला तर घनता २.७६.

या आकड्याने बरेच उमेदवार बाद केले. अमेरिकेतल्या आर्कान्सासचा प्रसिद्ध दगड जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ असतो, आणि क्वार्ट्झची घनता २.६५च्या वर जात नाही. बेल्जियमच्या व्हिएल्साल्म भागातला पिवळसर कोटिक्यूल तर बारीक गार्नेटच्या कणांनी भरलेला असतो. गार्नेट जड, त्यामुळे तो दगड सहसा ३च्या आसपास किंवा त्यावर जातो. आमचा दगड दोघांच्या मधला, म्हणजे स्लेटच्या जातीचा. मग ओला करून त्यावर दुसरा तुकडा घासला. लगेच फिकट, मऊ, सायीसारखी पेस्ट आली. हाताला कण म्हणून लागेना. रंग, पोत, पेस्ट, सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं : थ्युरिंगेन.

जर्मनीच्या मधोमध थ्युरिंगेनचा स्लेटचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या एका डोंगराचं नावच 'वेट्झश्टाइन', म्हणजे धार लावायचा दगड! याच प्रदेशातल्या श्टाइनाख गावातून पाटीवर लिहायच्या दगडी पेन्सिली जगभर जात. घराघरांत बायकापोरंसुद्धा या कामाला लागलेली असत, आणि दगडाची धूळ छातीत साठून माणसं अकाली जात. जवळच झोनेबेर्ग हे खेळण्यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथली एशर कंपनी वस्तऱ्यासाठीचे दगड विकायची. पिवळट हिरवा, फिकट हिरवा, निळसर हिरवा, गडद निळा असे त्यांचे प्रकार. सोबत पेस्ट काढायला त्याच दगडाचा छोटा तुकडा मिळे, आणि दगडावर कागदी लेबल असे.

हे कागदी लेबलच सगळ्या घोळाचं मूळ. हा दगड तेलावर नव्हे, पाण्यावर चालतो. म्हणजे जो दगड रोज कामाला आला, त्याचं लेबल भिजून केव्हाच निघून गेलं. ज्याचं लेबल आजही शाबूत आहे, तो बहुधा कपाटात पडून राहिलेला. आणि आजचे संग्राहक कैकपट किंमत देतात ती लेबलवाल्यालाच! आयुष्यभर राबला तो बेनाम, बसून राहिला तो नामवंत. दगडांच्याच दुनियेत असं असतं असं नाही म्हणा.

धंदा बुडाला तो जिलेटमुळे. १९०४ साली त्याला अमेरिकेत सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या हाती तो रेझर गेला आणि लोक घरीच दाढी करू लागले. पातं बोथट झालं की फेकून द्यायचं, मग दगड हवा कुणाला?

एक पेच उरला. दगड मधोमध किंचित खोलगट झालाय. जाणकार सांगतात, वस्तऱ्यासाठी दगड सपाट हवा, आधी घासून घे. एक दिवस मी घासायला बसलोही. पण हात चालेना. ती खोली म्हणजे एका माणसाने वर्षानुवर्षं रोज पातं फिरवल्याची खूण. लेबल नाही, पण ही सही तर आहे! शेवटी दगड उलटा केला. खालची बाजू सपाटच होती. आता मी त्या बाजूवर धार लावतो.

पेटीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे : 'बहुधा थ्युरिंगेनचा. घनता २.७६.' 'एशर' लिहायचा मोह खूप झाला, पण लेबलाशिवाय ते नाव लावणं म्हणजे थापच.

रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात धारेच्या दगडांचे प्रकार सांगताना लिहून ठेवलंय, की काही दगड तेलावर चालतात, काही पाण्यावर, आणि न्हाव्यांच्या दुकानातले काही चक्क थुंकीवर! हे वाचलं आणि मला माझी पहिलीतली पाटी आठवली. थुंकीने पुसली म्हणून बाईंनी कान धरला होता. "सरस्वती आहे ती!" पेन्सिल कुरतडून खाल्ली तेव्हा आईनेही तेच ऐकवलं होतं. तिकडे पाटी-पेन्सिल, इकडे वस्तऱ्याचा दगड, जात शेवटी एकच.

असो. दाढी मात्र झकास होते.