तळहातावरची वाघीण

आगगाडीची गोष्ट निघाली कीं आपलें मन प्रथम इंजिनाकडे धांवतें. त्याची शिटी, त्याचा धूर, त्याचा वेग यांचीं वर्णनें आजवर पुष्कळ झालीं आहेत. त्याच्या मागून निमूटपणें खडखडत जाणाऱ्या मालाच्या डब्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाहीं. ‘वॅगन’ हा इंग्रजी शब्द आपल्या लोकांच्या जिभेवर घोळला आणि त्याची ‘वाघीण’ झाली. परंतु नांवांत जेवढा दरारा आहे, तेवढा मान त्या बिचारीच्या वांट्यास कधींच आला नाहीं. आजच्या भाषणाचा विषय ही वाघीणच आहे. आणि तीही खरी नव्हे, तर सुट्या भागांच्या संचांतून टेबलावर जुळवावयाची व रंगवावयाची, ६६ मिलिमीटर लांबीची प्रतिकृति. हा पोरखेळ आहे, असें कोणी म्हणेल. माझें म्हणणें असें कीं, ही एवढीशी वस्तु नीट रंगवावयाची झाल्यास एका देशाच्या उद्योगाचा अर्ध्या शतकाचा इतिहास वाचावा लागतो.

प्रथम या छंदाची कुळकथा पाहूं. १८९१ सालीं जर्मनींतील मेर्क्लिन कारखान्यानें लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक रुंदीच्या रुळांवर धांवणारी खेळण्यांतील आगगाडी मांडली. रुळांची रुंदी एकदां ठरली, तेव्हां यंदा घेतलेल्या गाडीस पुढच्या वर्षीं नवा डबा जोडणें शक्य झालें. खेळणें वाढूं लागलें. इंग्लंडांत नॉर्थॅम्प्टन येथें बॅसेट-लोक यांनीं १८९९ मध्यें या व्यापारास आरंभ केला. पुढें लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनीं १९०१ सालीं, भोकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या व नटबोल्ट यांच्या खेळण्याचें पेटंट घेतलें. तेंच पुढें मेकॅनो या नांवानें घरोघर पोहोंचलें. १९२० मध्यें हॉर्न्बी यांची पहिली आगगाडी बाजारांत आली, तीही नटबोल्टांनीं जुळविलेली होती. मुलानें ती खोलावी आणि पुन्हां जोडावी, हा त्यांतील हेतु. खेळणें विकत घेणें निराळें आणि तें स्वतः उभें करणें निराळें, हा भेद येथें स्पष्ट झाला.

यानंतर गाड्या लहान होऊं लागल्या. १९२२ सालीं न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्यानें टेबलावर मावणारी छोटी आगगाडी काढली. १९३८ मध्यें हॉर्न्बी डब्लो आली. या लहान मापांत एक चमत्कारिक तडजोड झाली आहे. युरोप खंडांत फुटास साडेतीन मिलिमीटर हें प्रमाण धरलें गेलें, आणि त्यास १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ जुळतात. परंतु ब्रिटिश इंजिनें अंगानें लहान. त्या प्रमाणांत त्यांच्या पोटांत तेव्हांच्या मोटरी मावेनात. म्हणून गाडीचें अंग फुटास ४ मिलिमीटर या मापानें मोठें केलें, आणि रूळ मात्र तेच ठेवले. खऱ्या रुळांतील अंतर ४ फूट साडेआठ इंच. या प्रतिकृतींत तें ४ फूट दीड इंच इतकेंच भरतें. ज्यांना हें सलतें, ते चाकें व रूळ बदलून १८.८३ मिलिमीटरांचें खरें माप साधतात. बहुतेक लोक मात्र ही तडजोड मान्य करून सुखानें नांदतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुट्या भागांच्या संचाचें स्वरूप पालटलें. पूर्वीं लांकूड, पुठ्ठा, पत्रा व ओतीव धातु यांवर काम चाले, आणि हातास सफाई हवी असे. मग पोलादी सांच्यांत दाबानें प्लास्टिक भरण्याची युक्ति आली. १९३९ सालीं स्थापन झालेल्या एअरफिक्स कंपनीनें १९६० च्या सुमारास मालडब्यांचे स्वस्त संच काढले. ते सांचे पुढें डॅपोल या संस्थेकडे गेले. सांचा एकदां नीट कोरला कीं फळ्यांमधील फटी आणि खिळ्यांचीं डोकीं हजारों प्रतींत जशींच्या तशीं उतरतात. जी कारागिरी पूर्वीं थोड्यांनाच साध्य होती, ती शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत येऊन बसली.

आतां जुळणीकडे वळूं. चौकटीस चिकटलेले भाग कापून घ्यावे, कडांवरील पापुद्रे कानशीनें घासावे आणि चिकटविण्यापूर्वीं एकमेकांस लावून पाहावे. येथें वापरावयाचें द्रव्य गोंदाप्रमाणें मध्यें बसत नाहीं. तें प्लास्टिक किंचित् विरघळवितें आणि दोन भाग एकजीव करतें. म्हणून चूक सुधारण्यास वेळ थोडा. चारही चाकें सपाट कांचेवर एकदम टेकलीं पाहिजेत. एक जरी अधांतरीं राहिलें, तरी वाघीण पहिल्याच सांध्यावर रूळ सोडते. प्लास्टिक हलकें असल्यामुळें दर आंसास सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे एकूण ५० ग्रॅम वजन होईल इतकें शिसें आंत दडवावें लागतें.

हें करीत असतां हातीं एक बारीक दांडा येतो, काडीहून नाजूक. तो ब्रेकचा दांडा. तो जपून लावावा, कारण त्याच्या मागें माणसांचे प्राण आहेत. जुन्या वाघिणींना ब्रेक बहुधा एकाच बाजूस असे. डबे हलविणाऱ्या मजुरास पलीकडचा ब्रेक लावावयाचा तर चालत्या डब्यांच्या मधून वा पुढून जावें लागे. त्यांत कित्येक चिरडले गेले. १९०० सालीं रेल्वे कामगारांचे अपघात टाळण्यासाठीं कायदा झाला आणि १९११ च्या नियमांनीं नव्या वाघिणींचा ब्रेक दोन्ही बाजूंनीं लावतां येईल असा असणें आवश्यक ठरविलें. प्रतिकृतींत दांडा एकाच बाजूस कीं दोन्ही, एवढ्यावरून जाणत्याला तिचा काळ कळतो.

परंतु खरी परीक्षा रंगाची. ब्रिटनमध्यें कोळशाच्या वाघिणी मोठ्या संख्येनें रेल्वे कंपन्यांच्या नव्हत्याच. त्या खाणींच्या व कोळसा-व्यापाऱ्यांच्या खासगी मालकीच्या होत्या. ‘ओशन’, ‘पॉवेल डफ्रिन’ अशीं नांवें हातहातभर अक्षरांत बाजूच्या फळ्यांवर झळकत. १८४२ पासून कंपन्यांमधील हिशेब पाहणाऱ्या रेल्वे क्लिअरिंग हाउसनें १९२३ सालीं १२ टनी वाघिणीचा नमुना ठरविला. तिची लांबी १६ फूट ६ इंच, चाकांमधील अंतर ९ फूट. आपल्या प्रतिकृतीचे ६६ व ३६ मिलिमीटर येथूनच आले. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच सरकारनें अशा पांच लाखांहून अधिक वाघिणी ताब्यांत घेऊन एकत्र वापरण्यास काढल्या. मग कोणाची वाघीण कोठें जाईल याचा नेम राहिला नाहीं, आणि रंगाची निगाही संपली. फळी मोडली कीं तेथें बिनरंगी कोरी फळी ठोकावी, आणि क्रमांकापुरता काळा चौकोन रंगवावा, एवढेंच. १ जानेवारी १९४८ रोजीं रेल्वेचें राष्ट्रीयीकरण झालें आणि त्या जुन्या क्रमांकांच्या आधीं ‘पी’ हें अक्षर आलें.

म्हणून कुंचला बुडविण्यापूर्वीं साल ठरविलें पाहिजे. तीच वाघीण १९३० ची असेल तर अक्षरें ठळक आणि रंग ताजा; १९४७ ची असेल तर अक्षरांचे अवशेष, मध्येंच एखादी भुरकट फळी आणि कोपऱ्यांत काळा चौकोन. रंगाविषयीं छायाचित्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. कारण जुन्या कांचांवर तांबडा रंग काळ्यासारखा उमटे आणि निळा फिका पडे. पुढें १६ टनी पोलादी वाघीण आली; ब्रिटिश रेल्वेच्या काळांत अशा दोन लाखांहून अधिक झाल्या. त्यांचा रंग करडा, आणि ज्या टोकास दार तें दाखविणारा एक पांढरा तिरपा पट्टा. बंदरावर वाघीण त्या टोकाकडे कलती करून कोळसा जहाजांत ओतीत, म्हणून त्या पट्ट्याचें महत्त्व. ओल्या कोळशानें पत्रा आंतून खाल्ला जाई. म्हणून प्रतिकृतीचा गंज आंत अधिक आणि बाहेर डागाडागांनीं दाखवावा. रीत अशी: साबणाच्या पाण्यानें धुवून अस्तराचा रंग द्यावा, मग मूळ रंगाचे पातळ थर, अक्षरें, वरून निस्तेज रोगण, आणि सर्वांत शेवटीं धूळ व गंज. नवी कोरी वाघीण शोभिवंत दिसते. पण ती कामावर गेल्यासारखी वाटत नाहीं.

आपल्याकडील रूळ ५ फूट ६ इंचांचे. फुटास ४ मिलिमीटर या मापानें ते नेमके २२ मिलिमीटर होतात. ज्या कोणास १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास गेलेल्या गाडीच्या घराण्यांतील वाघीण करावयाची असेल, त्यास परदेशी संचांतील चाकें चालत नाहींत; तीं स्वतः साधावीं लागतात. पुण्यास कोथरूडमध्यें १९९८ पासून जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय आहे. असल्या सूक्ष्म कामाची गोडी आपल्या मातींतही रुजते, याची तें साक्ष देतें.

त्या लांकडी वाघिणी बहुतेक मोडून जाळल्या गेल्या; पोलादी वाघिणी भंगारांत गेल्या. राजे आणि सेनापति यांचे पुतळे उभारणारे पुष्कळ असतात. परंतु ज्या फळ्यांवरून शहरांच्या चुलींस आणि गिरण्यांस कोळसा पोहोंचला, त्यांची आठवण ठेवण्याचें काम कोणी अनामिक मनुष्य रात्रीं दिव्याखालीं, चिमटा आणि बारीक कुंचला घेऊन करीत असतो. आज तयार रंगविलेल्या, हुबेहूब वाघिणी बाजारांत मिळतात, आणि त्या घेण्यांत गैर कांहीं नाहीं. पण ती कोरी फळी आणि तो काळा चौकोन कां, हें विकत घेणारास कोणी विचारीत नाहीं. जो स्वतः रंगवितो, त्यास तें स्वतःलाच विचारावें लागतें. आणि तो प्रश्न विचारला जातो, तोंपर्यंत ती वाघीण केवळ खेळणें राहत नाहीं.